१९०१ साली मुंबईची माणसं गेली कुठे?

मुंबईच्या लोकसंख्येचा तक्ता मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. १८६४ साली ८,१६,५६२. १८७२ साली ६,४४,४०५. मग १८८१ला ७,७३,१९६, १८९१ला ८,२१,७६४ आणि १९०१ला पुन्हा खाली, ७,७६,००६. पहिल्या घसरणीचं कारण मुलंही सांगतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता, १८६५ला युद्ध संपलं, शेअर कोसळले, माणसं पांगली. दुसऱ्या घसरणीपुढे मात्र ‘प्लेग’ एवढाच शब्द लिहून आपण पुढे जातो. पण महापालिकेच्या आरोग्य खात्याने १९०६ साली स्वतःच शिरगणती केली तेव्हा मुंबईत ९,७७,८२२ माणसं निघाली. पाच वर्षांत दोन लाख वाढ, आणि तीही प्लेग चालू असताना! एवढी माणसं आली कुठून, की ती आधीपासून होतीच आणि १९०१ला मोजलीच गेली नाहीत? हे एकदा मुळातून बघायचं म्हणून दिवाळीनंतरच्या सुट्टीत रत्नागिरीहून तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

सोमवार

सकाळी दादरला उतरून गिरगावात मावशीकडे. ठाकुरद्वारच्या अलीकडची चाळ, दुसरा मजला, दोन खोल्या आणि सामाईक गॅलरी. अंघोळ, पोहे आणि ‘एवढ्या लांब कागद वाचायला आलीस?’ हा प्रश्न, तिन्ही उरकून काळ्या घोड्याला पोचले.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच राज्याचं पुराभिलेखागार आहे. ही इमारत मुळात सरकारी छापखान्यासाठी योजली होती, १८८८ला झाली कॉलेजची. सरकारी दप्तर जपण्याची व्यवस्था मात्र त्याहून जुनी, १८२१ सालची. ओळखपत्र, अर्ज, संशोधनाचा विषय दोन ओळींत, मग सूचींचे जाडजूड खंड.

इथे गुगलसारखं ‘मुंबई प्लेग घरं’ असं टाकून काही मिळत नाही, हे पहिल्यांदा येणाऱ्याने समजून घ्यावं. आधी खातं ठरवायचं: महसूल, न्याय, बांधकाम की जनरल. मग वर्ष, मग त्या वर्षाचा खंड, मग खंडातला कंपायलेशनचा, म्हणजे एका विषयाच्या कागदांच्या जुडग्याचा, क्रमांक. म्हणजे माझा प्रश्न काय आहे याला महत्त्व नाही, त्या काळच्या कारकुनाने तो कुठल्या खात्यात घातला असता हे ओळखावं लागतं. प्लेगने तर जनरल खात्यात स्वतःची वेगळी शाखाच उघडायला लावली होती. तिचे खंड वर्षागणिक जाड होत जातात. माणसांच्या घरांबद्दल वाचायचं तर ‘घर’ शोधून उपयोग नाही, ‘सॅनिटेशन’ शोधावं लागतं.

पहिला खंड टेबलावर आला. कातडी पुठ्ठा, कडा बिस्किटासारख्या ठिसूळ, कसरीने मधोमध पाडलेली नागमोडी भोकं. एक पान उलटायला दोन्ही तळहात लागतात, खाली एक आणि वर एक.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची वखार, म्हणजे उंदीर. पण उंदीर आणि पिसू यांचा संबंध तेव्हा कुणाला पुरता ठाऊक नव्हता. रोग घाणीतून, कोंडलेल्या हवेतून, ओलसर भिंतींतून येतो असा ठाम समज, त्यामुळे उपायही त्याच दिशेने. मार्च १८९७मध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. घराघरांची झडती, आजाऱ्यांना इस्पितळात, नातेवाइकांना छावणीत, भिंतींना चुना. ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढायची. आणि राहायला नालायक ठरलेल्या घरांवर तीन अक्षरं रंगवायची: यू. एच. एच. ‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन.’ एकदा ती दारावर आली की घर मोकळं करायचं.

लोकांनी काय केलं? जे कुणीही करेल ते. पळाले. पहिल्याच हंगामात जवळजवळ निम्मी मुंबई बाहेर पडली. गिरणीमालक नाक्यानाक्यावर उभे राहून कामगारांना जास्त रोजाची लालूच दाखवत होते. मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यात झडतीवरून दंगल झाली.

मंगळवार

पुन्हा तीच खोली, पण विषय वेगळा: सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्लेगनंतर १८९८च्या कायद्याने उभी राहिलेली ही संस्था. जुनी वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, उत्तरेकडे नवीन जमीन विकसित करायची. पुढे १९३३ला ती महापालिकेत विलीन झाली.

फायलींत मालकांचे अर्ज ढीगभर. भरपाई कमी मिळाली, जागेचं मोजमाप चुकलं, भाडं धरताना वरचा मजला वगळला. खाली सह्या मराठीत, गुजरातीत, मोडीत, एखादी इंग्रजीत, तीही शाळेतल्या वळणदार अक्षरात. भाडेकरूंचे अर्ज मी मुद्दाम शोधत होते. मी चाळलेल्या खंडांत जवळपास नाहीतच. त्यात नवल काही नाही. भरपाईचा कायदा मालकासाठी. खोलीत राहणाऱ्याला द्यायचं काही नव्हतं, म्हणून त्याला विचारायचंही नव्हतं, म्हणून त्याचा कागदही नाही. ज्याला पैसे द्यायचे त्याचंच नाव दप्तरात टिकतं.

संध्याकाळी मावशीने भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी वाढली.

बुधवार

एशियाटिक सोसायटी. टाउन हॉलच्या त्या तीस पायऱ्या चढताना भूगोलाच्या शिक्षिकेलाही दम लागतो. संस्था १८०४ची, इमारत १८३३ची. आज नकाशे बघायचे होते. संस्थेच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या डिजिटल संग्रहामुळे बरंच काही घरबसल्या दिसतं, पण मोठा नकाशा पडद्यावर बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं. नकाशा टेबलभर पसरून बघावा.

मला हवा होता तो लॉटन यांच्या पाहणीचा नकाशा. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेट मोजलं आणि त्याचे तक्ते निघाले. प्लेगच्या पंचवीस वर्षं आधीचं शहर घरागणिक दिसतं. ट्रस्टने काय पाडलं ते कळायला ट्रस्टच्या नकाशापेक्षा हा नकाशा बरा, कारण ट्रस्टच्या नकाशावर नजर जाते ती नव्या रस्त्याच्या दोन सरळ रेघांवर. खालची घरं त्या रेघांखाली दबून जातात.

धोबीतलाव ते काळबादेवी हा भाग मी भिंगाखाली घेतला. पहिली गोष्ट दिसली ती पाणी. धोबीतलाव हा खरोखरचा तलाव होता, फ्रामजी कावसजींच्या नावाचा. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक. वाड्यावाड्यांतून विहिरींची बारीक वर्तुळं. विहारचं पाणी १८६०ला आलं होतं, तरी लोक विहिरी सोडत नव्हते. पुढे १९११ला डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला, डास विहिरींत वाढतात असं दाखवलं आणि विहिरी झाकण्याचा, बुजवण्याचा सपाटा सुरू झाला. तलावही एकेक करून गेले. म्हणजे प्लेगने घरं नेली आणि हिवतापाने पाणी नेलं. एका पिढीच्या आत.

दुसरी गोष्ट, घरांची दाटी सगळीकडे सारखी नाही. नकाशाच्या पश्चिमेला, गिरगावच्या अंगाला, माडांच्या वाड्या अजून मोकळ्या आहेत. पूर्वेला भुलेश्वर, मांडवीकडे सरकत जावं तसे घराला घर चिकटत जातात आणि मधली गटाराची बोळ केसाइतकी बारीक होते. ट्रस्टच्या इंजिनिअरांचा युक्तिवाद या नकाशावर लगेच कळतो. वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. तो आत शिरायला वाट नाही. मग पूर्व-पश्चिम सरळ रस्ते कापा, वारा आपोआप आत जाईल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे दोन्ही रस्ते याच हिशेबाने आखले. आज त्यांची नावं शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल रोड.

गुरुवार

आज फक्त चालणं. नकाशाची झेरॉक्स, पेन्सिल, पाण्याची बाटली. मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, मी पण येतो, मला पारशी डेअरीत जायचंच आहे.’

मरीन लाइन्स स्टेशनच्या पुलावरून उतरून प्रिन्सेस स्ट्रीटच्या तोंडाशी उभे राहिलो. रस्ता बघताक्षणी कळतं की हा वाढलेला नाही, कापलेला आहे. दोन्ही बाजूंच्या इमारती एका रांगेत, उंची जवळपास सारखी, कोपऱ्यावरची इमारत गोल वळवलेली. आजूबाजूचे रस्ते बैलगाडीच्या चाकोरीसारखे वळत जातात आणि हा एकटाच पट्टीने आखलेला.

दुपारी चारच्या सुमाराला मी माझा प्रयोग केला. रस्त्याच्या मधल्या टप्प्यात फुटपाथवर उभी राहिले. पश्चिमेकडून वारा येत होता, ओढणी उडण्याइतका. तिथून बाजूच्या गल्लीत थोडी आत गेले. वारा बंद. तळणाचा वास, औषधांच्या खोक्यांचा वास, घाम. म्हणजे वारा शहरात शिरला, पण रस्त्यावरच राहिला. ज्यांच्यासाठी तो आणला ती माणसं गल्लीतच होती, आणि रस्त्यासाठी ज्यांची घरं गेली ती आणखी आतल्या गल्लीत गेली. हे माझं म्हणणं नाही. ट्रस्टवर त्या काळातच ही टीका झाली होती: पाडलेल्या खोल्यांतली माणसं लांब जात नाहीत, शेजारच्या चाळींत दाटी करतात, कारण काम इथेच आहे. हमालाला मांडवी सोडून दादरला जाऊन कसं चालेल?

शिवाय समुद्रही आता तिथे नाही. रस्ता आखला तेव्हा रेल्वेच्या रुळांपलीकडे पाणी होतं. नंतर बॅकबेचा भराव पडला, मरीन ड्राइव्ह झाला, त्यावर इमारतींची भिंत उभी राहिली. एकाच शतकात सरकारने वाऱ्यासाठी दार उघडलं आणि त्यापुढे कपाटही ठेवलं. मावसभाऊ म्हणाला, ‘आणि वर फ्लायओव्हर.’ तोही आहेच.

जरा आत कावेलमध्ये गेलो. मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांपैकी ही एक. इथे आता डॉ. व्हिएगस स्ट्रीट आहे. हडफड्याला, म्हणजे गोव्यात, जन्मलेले हे डॉक्टर पुढे १९०६मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळाही आहे. समोरून रोज हजारो लोक जातात. पुतळ्याच्या पायाशी बसलेल्या भेळवाल्याला विचारलं, हे कोण? म्हणाला, ‘कोणीतरी डॉक्टर होते, वकील नव्हते.’ हायकोर्ट जवळ असल्यामुळे बरेच जण वकील समजत असावेत.

कुल्फी खाऊन परत. भावाने दोन खाल्ल्या.

शुक्रवार

परत एशियाटिक. आज जनगणनेचे खंड. १९०१च्या मुंबई शहराचा अहवाल एस. एम. एडवर्ड्‌स यांनी लिहिला. पुढे १९०९चं शहराचं गॅझेटियरही त्यांचंच. अहवालापेक्षा मला तक्ते महत्त्वाचे होते.

काल रात्री जेवताना मी मावशीला आकडे सांगितले होते. तिने ताटातलं लक्ष न काढता विचारलं, ‘कधी मोजलंनी?’ म्हटलं, १ मार्च १९०१. ‘मग शिमग्याला गेली असतील सगळी गावाला, त्यात काय शोधायचंय!’

मी हसले, पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. कारण प्रश्न अगदी बरोबर आहे. जुनी तिथी काढून बघितली. १९०१ची होळी मार्चच्या पाच तारखेच्या आसपास येते. शिरगणतीच्या चारच दिवसांनी! चाकरमानी बोटीने निघालेला असायचाच. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले म्हणून मुंबईत त्या वर्षी नोंदले गेले दीड लाखाच्या आत. १९११ला तेच सव्वादोन लाखांच्या वर.

पण मग १९११ची शिरगणती कधी झाली? १० मार्चला. आणि १९११ची होळी? १४-१५ मार्च. म्हणजे तेव्हाही शिमगा तोंडावरच होता, आणि तरी मुंबई ९,७९,४४५ भरली, रत्नागिरीकरही भरपूर सापडले. दोन्ही वर्षी शिमगा सारखाच जवळ, तर फरक शिमग्याचा नव्हे. मावशीचा तर्क पडला, पण तारीख विचारायची तिची सवय मी उचलली.

मार्च हा प्लेगचाही ऐन हंगाम. मुंबईत प्लेग साधारण जानेवारीला चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा. १९०१चे मोजणीदार दारोदार गेले ते नेमके याच दिवसांत. आणि बाहेर गेलेले कोण होते, हे स्त्री-पुरुषांच्या प्रमाणावरून दिसतं. १८९१ला दर हजार पुरुषांमागे ५८६ बायका. १९०१ला ६१७. १९११ला ५३०. प्लेगच्या वर्षी मुंबईत बायकांचं प्रमाण वाढतं! बायका आल्या म्हणून नव्हे. एकटे राहणारे पुरुष, खानावळीत जेवणारे, दहा जणांत एक खोली घेणारे, ते आधी निघून गेले. त्यांना सामान नव्हतं, बिऱ्हाड नव्हतं, गावाला घर होतं. बायकामुलांसह राहणारा माणूस इतक्या सहज हलत नाही. १९०१ ते १९०६ या पाच वर्षांतल्या दोन लाखांच्या वाढीतला मोठा भाग हा परत आलेल्या, किंवा खरं तर कधीच कायमचे न गेलेल्या, लोकांचा असणार असं मला वाटतं.

आणि म्हणूनच १९०६ची मोजणी महत्त्वाची. डॉ. टर्नर तेव्हा महापालिकेचे आरोग्य अधिकारी होते. दर हजारी मृत्यूचा दर काढायचा तर भागाकाराला खाली खरी लोकसंख्या हवी. ७,७६,००६ने भागलं तर मुंबई आहे त्याहून जास्त मरणारी दिसते. आकड्याची गरज हिशेबाला पडली, म्हणून माणसं पुन्हा मोजली.

खोल्यांचा तक्ताही बघून ठेवला. १९०१ला दहातली आठ माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. मी ज्या घरात उतरले होते ते त्या मानाने ऐसपैस म्हणायचं.

शनिवार

परळ आणि दादर. ट्रस्टने पाडलं तसं बांधलंही. परळची बीआयटी (म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळ त्यातलीच. या चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. लांब व्हरांडा, ओळीने दारं, टोकाला नळ आणि संडास. अशा चाळीत अभ्यास करायचा म्हणजे घरातली सगळी निजल्यावर.

तिथून दोन-तीन किलोमीटरवर दादरची हिंदू कॉलनी. दादर-माटुंगा ही ट्रस्टची पाचवी योजना. भातखाचरं आणि माडांच्या वाड्या घेऊन आखलेले प्लॉट, रुंद रस्ते, झाडं, इमारतीभोवती सोडलेली जागा. पहिली वीसेक वर्षं इथे यायला कुणी फारसं राजी नव्हतं, पहिल्या महायुद्धानंतर भरली. गिरगावातला कारकून, शिक्षक, वकील इकडे आला. प्रिन्सेस स्ट्रीटवरून उठवलेला हमाल आला नाही, त्याला इथलं भाडं झेपणारं नव्हतं. बाबासाहेबांचं राजगृह याच कॉलनीत. ट्रस्टच्या चाळीतून ट्रस्टच्या प्लॉटवर येणारी माणसं अगदी विरळा.

झाडांखालून चालताना ‘काय सुंदर नियोजन’ असं मीही म्हटलं. नियोजन सुंदर आहेच. फक्त ते कुणासाठी होतं हे परळहून चालत आलं की नीट कळतं.

रविवार

संध्याकाळची गाडी, म्हणून सकाळी निवांत बसायचं ठरवलं होतं. पण चाळीच्या कमिटीची सभा निघाली. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. मावशीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की भाची नकाशे बघून आली आहे.

सेक्रेटरी काकांनी लगेच विचारलं, ‘बाई, त्या नकाशात आपली चाळ आहे का?’ झेरॉक्स दाखवली. १८७२ साली इथे माडांची वाडी आहे आणि कोपऱ्यात विहीर. चाळ नाही. ‘मग आपल्या काय कामाची?’ काकांना पुरावा हवा होता तो १ सप्टेंबर १९४० आधीचा, कारण उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींत ‘अ’ वर्ग त्या तारखेवर ठरतो. मी सांगितलं, महापालिकेच्या करआकारणीच्या जुन्या नोंदी काढा, सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा, त्यावर सी. एस. नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेचा क्रमांक, असतो. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. विहीर मात्र सगळ्यांनी ओळखली. पंपाच्या खोलीखाली आहे, वर लादी घातलेली.

मग खरा मुद्दा निघाला. बिल्डरचा माणूस खोलीनिहाय सर्व्हे करायला येणार आहे. निम्म्या खोल्यांची कुटुंबं डोंबिवली-विरारला राहतात, काही वर्षातून आठ महिने गावाला. काका म्हणाले, ‘त्या दिवशी एकही खोली बंद दिसता कामा नये. ज्याला त्याला कळवा, या म्हणावं.’ तारखेवरून वाद सुरू झाला. कुणाला शनिवार हवा, कुणाला परीक्षा संपल्यावर. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले की देवगडचा भाऊ आंब्याला फवारणी सोडून येणार नाही. मावशीने माझ्या हातात पेन दिलं आणि रत्नागिरीकडच्यांची यादी सांगायला लागली: पाच नंबर, बारा नंबर, सतरा नंबर. त्यांना फोन मीच करायचे, असं सभेत ठरलं.